हिशिजिमाच्या धक्क्यावरचा मुका

९ मार्च, शनिवार

मुका झालो! वय वर्षं एकसष्ट, प्रकृती ठणठणीत, आणि भर दुपारी मुका. बहुधा बहिराही.

झालं असं की सकाळच्या बोटीने हिशिजिमाला गेलो. पाठीवर गळाची लांब पिशवी. आत गळ आहे, पण गळाखाली चेंडूचा वेग मोजायचं यंत्र, स्टॉपवॉच आणि वही. गेल्या ऑक्टोबरात या बेटावरच्या शाळेत बेसबॉलचा एक कॅचर, म्हणजे बॅटवाल्यामागे बसून चेंडू झेलणारा पोरगा, पाहिला, तेव्हापासून तो डोक्यातून जात नाही. हिवाळ्यात शाळांचे सामने बंद, म्हणजे चार-पाच महिने नुसती तळमळ. आज पहिला सामना. मी टोक्योच्या एका व्यावसायिक संघाचा माणूस; बाकीच्या संघांची माणसंही माझ्यासारखीच पोरं हेरत फिरतात. त्यांना वास लागू नये म्हणून हे मासे पकडण्याचं सोंग. शाळेचं मैदान धक्क्याला लागूनच आहे. गळ टाकून बसलं की सगळं दिसतं, आणि गळ टाकून बसलेल्या म्हाताऱ्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. काय डोकं! स्वतःवरच खूश होतो.

तिसऱ्या इनिंगमध्ये एक चेंडू जाळीवरून थेट समुद्रात. तो काढायला कोण यावं? शिम्पेई ओकिउरा — माझा कॅचर! छातीवरचं चिलखत तसंच, हातात लांब दांड्याची जाळी. 'काका, पाय जरा बाजूला घेता का?'

आता आमचा नियम असा: शाळेतल्या पोराने 'मला व्यावसायिक संघात खेळायचंय' असा अर्ज भरेपर्यंत आम्ही त्याच्याशी एक शब्द बोलायचा नाही. घरच्यांशीही नाही. शाळेच्या सरांना भेटायचं, कार्ड द्यायचं, पोराला लांबून बघायचं. दोन वर्षांपूर्वी आमच्यातल्या एकाने एका पोराला गार सरबताचा डबा घेऊन दिला — एक डबा! — तर फोटो निघाला आणि अख्खा संघ माफी मागत फिरला. ते डोक्यात. मी घाबरलो आणि, का ते देव जाणे, कानाकडे बोट दाखवून हात हलवला.

पोराने कमरेत वाकून नमस्कार केला. मग माझे पाय दोन्ही हातांनी उचलून हळूच बाजूला ठेवले.

१० मार्च

मित्सुएला सांगितलं. हसता हसता चहा सांडला तिने. 'बत्तीस वर्षं झाली लग्नाला. त्या बेटाला मिळाला तसा नवरा मला एक दिवस तरी मिळाला असता!'

२३ मार्च, शनिवार

बेटभर झालं! तिकिटाच्या खिडकीतल्या फुसाएबाईंनी कागदावर मोठ्या अक्षरांत 'परतीची बोट ३.४०' असं लिहून दाखवलं, आणि वर ओरडूनही सांगितलं. मग शेजारणीला म्हणाल्या — माझ्यासमोर! — 'बिचारा. घरचे शनिवारी बाहेर काढत असतील. कपडे मात्र बरे घालून पाठवतात.'

बोटीवर दोर बांधायला एक दांडगा गडी असतो, मान आणि खांदे यांत फरकच नाही. तो माझ्या रिकाम्या बादलीत डोकावला. 'याला लागत नाही काही. बांगड्यांनासुद्धा माणूस कळतो.' बोट हसली. मीही हसणार होतो, वेळेवर आठवलं.

पोरगा मात्र — काय लिहू! आज दुसऱ्या बेसकडे, म्हणजे पुढच्या ठाण्याकडे, चोरून पळणारे तीन जण टिपले त्याने. ग्लव्हमध्ये चेंडू पडल्यापासून दुसऱ्या बेसवर पोचेपर्यंत १.८४ सेकंद. माझं घड्याळ बिघडलं असं वाटलं. पुढच्याला १.८५. शाळेतली चांगली पोरं दोनच्या आसपास घुटमळतात. इथे चेंडू सुटतो तो नजरेला दिसतच नाही, तिकडे पोचल्याचा आवाज येतो. गळ हातातून निसटून पाण्यात पडला.

बॅटीचं म्हणाल तर शोभेची आहे. इतक्या जोरात हवा हलवतो की उन्हाळ्यात बरं वाटेल.

नेहमीप्रमाणे चौथी इनिंग संपल्यावर उठलो. ही माझी जुनी युक्ती. जो पोरगा आवडला त्याच्या सामन्यातून लवकर उठायचं. बघणाऱ्याला वाटतं, याला काही रस नाही. परतीच्या बोटीवर, इंजिनाच्या आवाजाच्या आडोशाने, डेकवरून संघाच्या कचेरीत फोन करून आजची हजेरी कळवली.

६ एप्रिल

कुगा सरांना भेटलो, शाळेच्या प्रयोगशाळेत. ते भौतिकशास्त्र शिकवतात आणि बेसबॉलचा संघही बघतात. अख्ख्या बेटावर मी बोलू शकतो असा हा एकच माणूस. आणि तो बोलत नाही! दहा मिनिटांत मी दोनशे वाक्यं बोललो, ते तीन.

ऑक्टोबरातच त्यांना बजावून ठेवलंय: संघ त्याला बघतोय हे कोणाला कळू द्यायचं नाही, पोरालाही नाही. पोराला कळलं की आईला, आईला कळलं की फुसाएबाईंना, आणि मग ते टोक्योला कळायला संध्याकाळपर्यंतचाही वेळ लागणार नाही. आज पुन्हा आठवण दिली. सर म्हणाले, 'शब्द दिलाय.' त्या माणसाने शब्द दिला म्हणजे सिमेंट ओतलं.

'पण तुम्ही मुके का?' हे तिसरं वाक्य. सांगितलं. त्यांचा चेहरा हलला नाही. फक्त चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिले.

२० एप्रिल

सामना नव्हता, सराव होता. सराव संपल्यावर पोरगा धक्क्यावर आला. माझ्या गळाकडे बघितलं. 'काका, ही गाठ बुटाची आहे.' शेजारी बसला, सगळं सोडलं, नीट बांधून दिलं. बोटं काय आहेत! लांब, सावकाश, एकही हालचाल वाया नाही. माझ्या वहीत 'हात' या रकान्यात काही लिहायचं राहिलं होतं, ते आज मिळालं.

मग बोलायला लागला. मला ऐकू येत नाही अशा समजुतीने असेल, पण माणसाशी बोलावं तसं. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, किती रडका आहे. बीजगणित. संघात दहाच पोरं, एकाला ताप आला की नऊ, दोघांना आला की सामना रद्द. पावणेचारपर्यंत बोलत होता. त्याच्यापायी माझी बोट चुकली.

नियमात बोलण्याबद्दल आहे. ऐकण्याबद्दल काही नाही. घरी येऊन पुन्हा वाचून बघितला.

११ मे

मासा लागला! बोटाएवढा. फुसाएबाईंनी टाळ्या वाजवल्या आणि वर चार बांगडे पिशवीत घालून दिले, 'घरी दाखवायला.' मित्सुए म्हणाली, 'एवढे चार एकसारखे कसे सापडले हो तुम्हाला?'

१५ जून

आज एक कळलं आणि बसल्या जागी घाम फुटला. तो दोरवाला दांडगा — पोराचा बाप! पोरगा धक्क्यावरून ओरडला, 'बाबा, डबा विसरलात!' आणि त्याने बोटीवरून हात केला. म्हणजे गेले तीन महिने मी घरच्यांच्या सहवासात आहे! बरं झालं मुका होतो. मूर्खपणाचंही कधी कधी भलं होतं.

पोरगा नेहमीसारखा बसला. आज त्याच्या हाताचं गुपित कळलं. शाळेकडे चेंडू कमी. समुद्रात पडलेले काढायचे, वाळवायचे, पुन्हा वापरायचे. खारं पाणी प्यायलेला चेंडू जड होतो. 'आम्ही सरावात तेच टाकतो, काका. सामन्यातला नवा चेंडू हातात आला की पिसासारखा वाटतो.' टोक्योत आमच्या संघाने हात बळकट करायला लाखो येनांची यंत्रं घेतली आहेत. आमचे मुख्य, सेनो साहेब, त्यांना हे सांगितलं तर ते चेंडू खाऱ्या पाण्यात भिजवायला एक माणूस नेमतील.

भाताचे पाच गोळे खाल्ले त्याने बोलता बोलता. सहावा मला दिला. घ्यावा का? नियमात माझ्याकडून त्याला देण्याबद्दल आहे. खाल्ला. आत आंबट आलुबुखार होतं.

१४ जुलै, मात्सुयामा

जिल्ह्याची स्पर्धा. हरले, दुसऱ्याच फेरीत, ७-१. रडका पिचर रडला, बाकीची पोरं रडली, बदलीचा दहावा सगळ्यांत जास्त रडला. एकटा ओकिउरा रडला नाही. सगळ्यांच्या बॅटी गोळा केल्या, पिचरच्या डोक्यावर टॉवेल टाकला, समोरच्या संघाला वाकून नमस्कार केला.

हे मी कसं बघितलं? चौथ्या इनिंगला उठलो होतो, तो बाहेर वाहनतळाच्या जाळीमागून. आत दोमोतो बसला होता ना! दोमोतो म्हणजे दुसऱ्या संघासाठी पोरं हेरणारा. पांढरे बूट, टोपीवर संघाचं नाव, यंत्र सगळ्यांना दिसेल असं हातात. हेरगिरीला निघाल्यासारखा नाहीच, वरातीला निघाल्यासारखा. मी उठल्यावर म्हणाला, 'चाललास? काही नाही वाटतं इथे?' मी जांभई दिली. जांभई उत्तम दिली.

८ ऑगस्ट, ओसाकाजवळ

कोशिएनचं मैदान, देशभरातल्या शाळांचे सामने, आणि डोक्यावर असलं ऊन की चष्म्याच्या काड्या भाजतात. सेनो साहेब, म्हणजे आमच्या हेरणाऱ्यांचे मुख्य, बर्फाची पिशवी मानेवर धरून यादी बघत होते. 'हिशि... हे कुठे आलं? बोटीने जायला लागतं?' म्हटलं, एक तास. 'बॅटिंग?' म्हटलं, शोभेची. 'मग?' मी घड्याळाचे आकडे दाखवले. साहेबांनी बर्फाची पिशवी खाली ठेवली.

ऑक्टोबरातल्या निवडीत, जिथे सगळे संघ पाळीपाळीने पोरं उचलतात, तिथे चौथ्या फेरीत घ्यायचा! साहेबांनी स्वतःच्या हाताने लिहिलं. वर म्हणाले, 'कोणाला माहीत नाही ना?' म्हटलं, खुद्द पोरालासुद्धा नाही. साहेबांनी पाठ थोपटली. एकसष्टाव्या वर्षी पाठ थोपटून घेताना लाज वाटायला हवी होती. नाही वाटली.

२४ ऑगस्ट, शनिवार

आज जे झालं ते नीट लिहायला हवं.

शाळेच्या तिसऱ्या, शेवटच्या वर्षातल्या पोरांचा खेळ उन्हाळ्यानंतर बंद होतो. ओकिउराने भादरलेले केस वाढवायला घेतलेत, डोकं किवीच्या फळासारखं दिसतं. धक्क्यावर आला, बसला.  

मग म्हणाला, 'काका, मी बोटीवर लागतोय. बाबांच्या बोटीवर. पाच सप्टेंबरला शाळेतून नाव जाईल.'

मी पाण्याकडे बघत होतो.

'मला खेळायचं होतं. खरंच, पुढे खूप खेळायचं होतं. पण कोणी आलंच नाही ना बघायला. सर काही बोलत नाहीत. आलं असतं तर सरांनी सांगितलंच असतं. सर खोटं बोलत नाहीत.' मग हसला. 'असू दे. बोट पण बरी आहे.'

चेंडू फेकायचा हात मांडीखाली दाबून बसला होता. तो हात! माझ्या तोंडात शब्द आले होते. दहा महिने झाले रे, दहा महिने मी तुझ्यावर डोळा ठेवून आहे, मला मासे आवडतसुद्धा नाहीत! जीभ दाताखाली धरली. बोललो आणि कोणी ऐकलं, तर मी जाईन ते जाऊ दे, हा पोरगाही अडकेल, शाळाही अडकेल. मान खाली घालून बसलो. त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला. माझ्या! मला धीर दिला त्याने.

हुशारी! दहा महिने हुशारी केली. दोमोतोपासून लपवायला गेलो आणि ज्याला सांगायचं त्याच्यापासूनच लपवून बसलो.

२६ ऑगस्ट, सोमवार

कुगा सरांकडे. धावतच गेलो. म्हटलं, 'सर, सांगा त्याला! आजच सांगा!'

'तुम्हीच म्हणाला होता, सांगू नका.'

'तेव्हा म्हणालो होतो!'

'मग आता?'

'आता सांगा!'

सर विचार करत होते. त्यांनी समजावलं — त्यांच्याकडून एकदम इतकी वाक्यं मी पहिल्यांदाच ऐकली. शाळा एका मुलाचं नाव एकाच ठिकाणी पाठवते. तिथे घेतलं की जायचंच. नाही गेलं तर पुढच्या वर्षी त्या बोट कंपनीत या शाळेच्या पोराला कोणी उभं करत नाही. म्हणजे पाच तारखेच्या आत काय ते. मग म्हणाले, 'मी दिलेला शब्द तुम्ही मागे घेताय. तर तसं लिहून द्या.'

लिहून! फळ्याशेजारी उभं राहून लिहून दिलं: 'शिम्पेई ओकिउराला एक संघ बघतो आहे, हे त्याला सांगण्यास माझी हरकत नाही.' सही केली. सरांनी वाचलं, तारीख घालायला लावली, घडी घालून खिशात ठेवलं. जाताना दारात म्हणाले, 'तो मला जूनपासून विचारत होता. रोज.' चेहरा तसाच, दगडासारखा. पण आवाज बसला होता. या माणसाला मी काय करायला लावलं, ते तेव्हा कळलं मला.

३१ ऑगस्ट

सरांचा फोन. पोराला प्रयोगशाळेत बोलावून सांगितलं म्हणे.

मी: काय म्हणाला?

सर: 'हो का' म्हणाला.

मी: एवढंच?

सर: 'कोणता संघ' असं विचारलं. ते सांगायची परवानगी तुमच्या कागदात नव्हती. नाही सांगितलं.

हे असं! मी डोक्याला हात लावला. मित्सुए पलीकडून म्हणाली, 'तुम्हाला शोभेल असाच भेटलाय.'

५ सप्टेंबर

बोट कंपनीकडे नाव गेलं नाही. चार वेळा फोन करून खात्री केली. चौथ्या वेळी सरांनी नुसतंच 'नाही' म्हणून ठेवून दिला.

१ ऑक्टोबर, मंगळवार

अर्ज भरलेल्यांची यादी आज जाहीर झाली. ओकिउरा, शिम्पेई. मोठ्याने वाचलं तीन वेळा. आता बोलता येणार! नवा शर्ट काढून ठेवला. आरशासमोर उभा राहून नाव सांगायचा सराव केला. सात महिने मुका राहिलेल्या माणसाने पहिलं वाक्य काय बोलावं? 'नमस्कार, मी तोच' — काहीतरीच! मित्सुए दारात उभी राहून ऐकत होती. 'गाठ बांधल्याबद्दल आभार माना आधी,' म्हणाली.

दुपारी सेनो साहेबांचा फोन. मी बोटीची वेळ बघत होतो. साहेब म्हणाले, 'जायचं नाही.'

का?

'तुम्ही गेलात की त्याच्या घराबाहेर चर्चा. चर्चा झाली की बाकीचे जागे. चौथ्या फेरीचा माल आहे, तिसऱ्यात घ्यावा लागेल. एवढं वर्ष गप्प बसलात, आणखी तीन आठवडे बसा. निवड होऊ द्या, मग काय बोलायचं ते बोला आयुष्यभर.'

बरोबरच होतं. मी स्वतः हेच म्हटलं असतं, एकाच तालमीतले ना आम्ही! शर्ट परत कपाटात टांगला.

१२ ऑक्टोबर, शनिवार

घरी. मित्सुए म्हणाली, नुसते जाऊन तर बसा, मुके म्हणून, तुम्हाला येतंच ते. नाही गेलो. आता त्याला कळलंय की एक संघ आहे. धक्क्यावर मला बघितलं तर दोन आणि दोन चार करायला कितीसा वेळ? आणि मग दोनेक आठवड्यांचाच तर प्रश्न आहे. दिवसभर घरात फेऱ्या मारल्या. शेवटी तिने बाजारात पाठवलं. बांगडे आणले.

२४ ऑक्टोबर, गुरुवार. निवडीचा दिवस

हॉटेलचं मोठं सभागृह, बारा टेबलं, प्रत्येक संघाचं एक. मी भिंतीकडेला. साहेबांसमोरच्या कागदावर चौथ्या ओळीत माझं पोर.

तिसरी फेरी. दोमोतोच्या संघाची पाळी. माईकवरून आवाज आला: 'ओकिउरा शिम्पेई. कॅचर. हिशिजिमा.'

मला वाटलं, मीच मनात म्हणतोय.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी कोणाकडे बघू?

नंतर जिन्यात दोमोतो भेटला. तेच पांढरे बूट. मी विचारलं, कसं कळलं तुला? तो बिचकला, खरोखर बिचकला. मग म्हणाला, 'अरे, तुला माहीत नाही? तू ज्याच्या सामन्यातून चौथ्या इनिंगला उठतोस, तोच पोरगा बघायचा असतो. बारा वर्षं आम्ही सगळे तेच करतोय. आम्हाला वाटायचं, तू गंमत म्हणून उठतोस.' माझ्या खांद्यावर हात ठेवला. 'जुलैत तू उठलास, मी आणखी पुढे सरकून बसलो. अर्ज झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याच्या घरी गेलो. आई काय जेवू घालते रे त्याची!'

बारा वर्षं! आणि ती जांभई उत्तम होती, असं मी लिहून ठेवलंय.

साहेबांनी यादीतली चौथी ओळ खोडून कागद माझ्या हातात दिला.  शिव्या दिल्या असत्या तर काही तरी झालं असतं.

२६ ऑक्टोबर, शनिवार

गेलो. का गेलो, सांगता येत नाही. यंत्र नाही, वही नाही, नुसता गळ.

तो आला. शेजारी बसला. 'काका, काही बोलू नका,' म्हणाला. 'आता दुसऱ्या संघाचा झालोय मी. तुम्ही बोललात तर फितवणं होतं. दोमोतोंनी सांगितलंय.' मग पाण्याकडे बघत म्हणाला, 'तुम्हाला ऐकू येतं, बोलता येतं, कोणत्या संघाचे आहात, सगळं बाबांनी मार्चमध्येच सांगितलं होतं. तुम्हाला बंदी होती, मला काही नव्हती. म्हणून मीच बोलत होतो. पाच सप्टेंबरचं पण त्यासाठीच सांगितलं. कळलं तुम्हाला, ते बरं झालं.' मग माझ्या गळाची गाठ तपासली. 'अर्ज भरल्यावर रोज येत होतो इथे. म्हटलं आता येतील, आता बोलतील. दोमोतो घरी आले. तुम्ही आला नाहीत.'

तक्रार नव्हती, म्हणून जास्त लागलं. बोलायची मुभा होती ते तीन आठवडे मी घरात बसून घालवले. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. त्याने कमरेत वाकून नमस्कार केला, मी त्याच्याहून खाली वाकून केला, आणि तो सरावाला गेला.

परतीच्या बोटीवर त्याच्या बापाने दोर सोडला आणि पाठमोऱ्यानेच म्हणाला, 'साहेब, यापुढे फोन आत बसून करा. इंजिनाच्या आवाजात माणूस ओरडून बोलतो, आणि मागच्या डेकवर शब्दन् शब्द ऐकू येतो.'